मेलेल्या बाईचा अंगठा

करबटपाड्यात सोमीच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. बोईसरहून पूर्वेला डोंगराकडे निघालं की कारखान्यांची धुराडी मागे पडतात, भातखाचरं लागतात आणि टेकाडाच्या कुशीत वीस-बावीस घरांचा हा पाडा दिसतो. सोमी जिव्या करबट इथली. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, आवाज चढा. उन्हाळ्यात ताडगोळे आणि पावसाळ्यात शेवळं, कंटोळी अशा रानभाज्या घेऊन ती बोईसरच्या बाजारात बसते. गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला तर टोपली उचलून पाठ फिरवते. एकदा ग्रामसभेत ग्रामसेवकाने तिला हाताने ‘बस खाली’ अशी खूण केली, तर तिने पुढे जाऊन त्यालाच खुर्चीवरून उठवलं होतं. पाड्यातले लोक म्हणत, हिच्या डोक्यात निखारा आहे. तो कधी पडला हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. पण ते त्याबद्दल बोलत नसत, कारण विषय निघाला की सोमी उठून जाई आणि दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नसे.

त्र्याण्णवच्या दिवाळीची ती गोष्ट. सोमी तेव्हा विशीतली, नवरा जिव्या तिच्याहून थोडा मोठा, आणि पदरात दोन वर्षांची तानी. भात झोडून झालं की पाड्यातली निम्मी माणसं वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायची ती पेरणीच्या तोंडावर परतायची. त्या वर्षी तानीच्या छातीत कफ भरला होता. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, हिला भट्टीच्या धुरात नेलंत तर ही हाती लागणार नाही. घरी ठेवायला म्हातारं माणूस नव्हतं. दवाखान्यातल्याच कुणीतरी सांगितलं की पालघरात एक बालगृह आहे, तिथल्या कुंदाताई गरिबांची पोरं सांभाळतात.

कुंदाताई म्हणजे पांढऱ्या सुती साडीतली, मऊ बोलणारी बाई. तिने तानीला मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, निर्धास्त जा, पावसाआधी येऊन घेऊन जा. औषधपाण्याची परवानगी लागते म्हणून सोमीचा दोन कागदांवर अंगठा घेतला. जिव्या शेजारीच उभा होता, त्याचा घेतला नाही. सोमीला त्यात काही वावगं वाटलं नाही. साहेबलोकांनी अंगठा मागितला की द्यायचा, एवढंच तिला माहीत.

मे महिन्यात दोघं भट्टीवरून परतली ती घरी न जाता पालघरलाच उतरली. कुंदाताई बाहेर आलीच नाही. एका कारकुनाने दारातच सांगितलं, तुमची मुलगी होळीच्या सुमारास तापाने गेली. सोमीने विचारलं, पुरलीत कुठं? त्याने हात करून स्मशानाची दिशा दाखवली. दोघं तिकडे गेली. तिथल्या माणसाने सांगितलं, होळीपासून इथे एकही लहान मूल आलेलं नाही. दोघं परत आली तेव्हा फाटक लावलेलं होतं.

तीन दिवस सोमी त्या फाटकापाशी बसून राहिली. जिव्या तिला समजावत होता, घरी चल, मेलेलं माणूस बसून राहिल्याने परत येत नाही. चौथ्या दिवशी सकाळी तिने रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगातले दगड ओच्यात भरले आणि बालगृहाच्या समोरच्या बाजूच्या सगळ्या काचा फोडल्या. अकरा काचा. पोलीस आले. तिला कोर्टात उभं केलं. काचा फोडल्यास का, असं न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, माजी पोर कुठं पुरली तेवढं त्या बाईला विचारा. न्यायाधीश म्हणाले, तो मुद्दा या प्रकरणात नाही. दंड, नाहीतर सात दिवसांची कैद. सोमीने दंड भरायला साफ नकार दिला आणि सात दिवस आत राहून आली.

त्यानंतर तीस वर्षं गेली. मुलगा प्रदीप झाला, मोठा झाला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला लागला. जिव्या काविळीने गेला. जाईपर्यंत सोमीने त्याला एका गोष्टीची माफी दिली नाही. पोर मेली हे त्याने मान्य केलं होतं. तिने कधीच केलं नव्हतं. जी कुठेच पुरलेली नाही ती मेली कशी, असा तिचा साधा हिशेब होता.

दोन वर्षांपूर्वीच्या माघात एक तरुण वकीलबाई पाड्यावर आली. स्वाती तिचं नाव, सफाळ्याची, पालघरच्या कोर्टात काम करणारी. स्कूटी झाडाखाली लावून ती घर विचारत आली आणि अंगणात उडीद पाखडत बसलेल्या सोमीला म्हणाली, “चौऱ्याण्णव साली पालघरच्या बालगृहाच्या काचा फोडल्या, त्या सोमी करबट तुम्हीच का?”

सोमीने सूप खाली ठेवलं. “मीच. अजून दगड हायेत.”

स्वातीला हसू आलं नाही. ती खाली मातीतच बसली आणि एकेक गोष्ट सांगत गेली. तानी जिवंत होती. ती स्वीडन नावाच्या देशात होती. आणि आतापर्यंत ती फुटबॉल खेळत आली होती. उगाच गावजत्रेतल्या सामन्यांसारखा नाही. तो तिचा व्यवसाय होता, त्यावर तिने दहा-अकरा वर्षं पोट भरलं होतं.

सोमी रडेल असं स्वातीला वाटलं होतं. सोमी उठली, घरात गेली आणि आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. मग ती बाहेर येऊन म्हणाली, “म्हंजे मी खरं बोलत होते.”

तानी कशी कशी मोठी झाली, हे सोमीला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, काही स्वातीच्या तोंडून, काही तानीच्या. स्वीडनच्या उत्तरेला कागदाची गिरणी असलेलं एक छोटं गाव आहे. तिथल्या गिरणीत काम करणाऱ्या माणसाने आणि त्याच्या शिक्षिका बायकोने तिला दत्तक घेतलं. तिचं नाव झालं लिनेआ वेस्टग्रेन. त्या शिक्षिकेचं नाव गुनिला. सहा महिने बर्फ असणारं ते गाव, आणि त्यात ही एकटी सावळी पोर. शाळेत मुली तिच्या केसांना हात लावून बघायच्या, मुलगे तिला नाही नाही ते म्हणायचे. सहाव्या वर्षी तिने एका मुलाला मैदानावर ढकललं आणि त्याच्या पायातला चेंडू घेऊन थेट गोलात मारला. तिथल्या प्रशिक्षकाने तिच्यावर ओरडण्याऐवजी तिला दुसऱ्या दिवशी सरावाला बोलावलं.

ती पहिल्यापासून पुढेच खेळली. स्ट्रायकर म्हणजे ज्याचं काम गोल करणं, आणि नाही झाला तर सगळ्यांच्या शिव्या खाणं. उंचीने ती तिथल्या मुलींच्या खांद्याला लागायची, पण पहिल्या चार पावलांत तिला कोणी पकडू शकत नसे. सतरा वर्षांची असताना गावच्या संघातून दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळली. बायकांच्या फुटबॉलवर तेव्हा तिथेही कोणाचं घर चालत नव्हतं. ती सकाळी एका गोदामात खोकी उचलायची आणि संध्याकाळी सराव करायची. एकविसाव्या वर्षी दक्षिणेतल्या मोठ्या शहराच्या क्लबने तिला घेतलं आणि गोदाम सुटलं. पहिल्याच हंगामात चौदा गोल. दुसऱ्या हंगामात लीगमध्ये तिच्यापेक्षा जास्त गोल फक्त दोघींचे होते. देशाच्या संघाचा पिवळा शर्ट मिळाला. अकरा सामने, दोन गोल.

आणि लाल कार्डं, म्हणजे दांडगाईबद्दल थेट मैदानाबाहेर. तिच्याइतकी लाल कार्डं तिच्या लीगमध्ये दुसऱ्या कुठल्याच स्ट्रायकरने घेतली नव्हती. तिथली वर्तमानपत्रं तिला ‘तापट वेस्टग्रेन’ म्हणत. गोल केला की तिच्या वेगाबद्दल लिहीत आणि कार्ड मिळालं की तिच्या रक्ताबद्दल. ती रागावते कशावर, हे विचारायला एकही पत्रकार गेला नाही. पंचविसाव्या वर्षी उजव्या गुडघ्याचा लिगामेंट, सांधा धरून ठेवणारा बंध, तुटला. चौदा महिने बाहेर. राष्ट्रीय संघाने परत बोलावलं नाही. क्लबने करार वाढवला नाही. ती दुसऱ्या, मग तिसऱ्या क्लबमध्ये गेली, बाकावर बसली, शेवटच्या वीस मिनिटांसाठी उतरली, तरी गोल करत राहिली. चषकाच्या एका अंतिम सामन्यात शेवटची पेनल्टी तिने गोलखांबावर मारली आणि त्यावरून महिनाभर तिला धमक्यांचे निरोप येत राहिले. बत्तिसाव्या वर्षी गुडघ्यात पाणी व्हायला लागलं, तेव्हा तिने खेळ सोडला. एकूण दोनशे बारा सामने, सत्त्याऐंशी गोल.

खेळ सुटल्यावर तिच्या हातात वेळ आला. त्याच सुमारास त्या देशात बाहेरून आणलेल्या मुलांच्या कागदांची चौकशी सुरू झाली होती. तिनेही आपली फाईल मागवली. फाईलमध्ये आईचा मृत्यूचा दाखला होता, बारा ऑगस्ट त्र्याण्णवचा. त्यावर नाव नुसतं ‘सोमी’, गावाचा शिक्का न वाचता येणारा. वडील अज्ञात. आणि त्याच फाईलमध्ये आईने मूल सोडून देत असल्याचं संमतीपत्र होतं, खाली अंगठा, तारीख वीस नोव्हेंबर त्र्याण्णव. आई मेल्यानंतर तीन महिन्यांनी.

तिने तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. तीस वर्षं ही फाईल किती टेबलांवरून गेली असेल, किती सह्या, किती शिक्के, आणि मेलेल्या बाईने अंगठा कसा दिला हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

तिसरा कागद पत्राचा होता. बालगृहाने तिकडच्या संस्थेला इंग्रजीत लिहिलं होतं, की कागदपत्रं पाठवायला उशीर होतो आहे त्याबद्दल क्षमस्व. एका वेडसर आदिवासी बाईने आमच्या काचा फोडल्या, ती मुलीवर हक्क सांगत होती, तिला कोर्टाने शिक्षा केली आहे, काळजीचं कारण नाही.

लिनेआने पालघरचा वकील शोधला तो या पत्रावरून. स्वातीने महिनाभर कोर्टाच्या जुन्या दफ्तरात धूळ खाल्ली आणि शेवटी एका फाटक्या नोंदवहीत तिला पूर्ण नाव आणि गाव सापडलं. सोमी जिव्या करबट, राहणार करबटपाडा, काचा फोडल्याबद्दल सात दिवस कैद. मे चौऱ्याण्णव. दाखल्यावरच्या तारखेनंतर सोमी जिवंत होती, याचा त्या काळातला सरकारदरबारी तेवढाच पुरावा होता. त्या दगडांखेरीज ती कोणाला सापडलीच नसती.

स्वातीने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिची नजर खाली होती. सोमी फाटकापाशी बसली होती तेव्हा तानी मुंबईत होती. तिचं विमान जूनच्या शेवटी सुटलं. म्हणजे काचा फुटल्या त्यानंतरही पाच आठवडे ती इथेच होती, रेल्वेने दोन-अडीच तासांवर.

त्यानंतर चार-पाच दिवस सोमी बाजारात गेली नाही. प्रदीपने जेवायला हाक मारली तर त्याच्यावर ओरडली. पाच आठवडे. ती त्यातले सात दिवस कोठडीत होती आणि बाकीचे नांगरामागे. पाड्यातली नलू, तिची लहानपणापासूनची मैत्रीण, समजूत काढायला आली आणि म्हणाली, जाऊ दे आता, पोर जिवंत हाय, सुखात हाय, देवाचे पाय धर. सोमीने तिला अंगणाबाहेर काढलं.

नातं पटवायला दोघींच्या थुंकीची डीएनए तपासणी झाली, स्वीडनहून जुळल्याचा अहवाल आला, आणि मार्चमध्ये तानी स्वतः आली. स्वातीने ठरवलेल्या गाडीतून उतरली तेव्हा सगळा पाडा अंगणात जमला होता. आखूड केस, रुंद खांदे, चालताना उजवा पाय किंचित जपून टाकणारी. चेहरा मात्र जिव्याचा. कोणी हळू आवाजात म्हणालं, आता मिठी मारतील. दोघीही जागच्या हलल्या नाहीत. तानीला काय करावं कळत नव्हतं आणि सोमीला राग आला होता. तो तानीवर नव्हता. समोर एवढी मोठी बाई उभी होती, तिचं पहिल्यांदा शाळेत जातानाचं, दात पडतानाचं, वयात येतानाचं सगळं दुसऱ्या कोणीतरी पाहिलं होतं, त्यावर होता. शेवटी ती म्हणाली, “उन्हात नको उभी राहू. आत ये.”

तांदळाची भाकर, सुकटीची चटणी, उडदाचं पिठलं. तानी जेवली, घाम पुसत जेवली, आणि अजून मागितलं. भाषा नव्हतीच. मधे स्वाती बसली होती. दुसऱ्या दिवशी प्रदीपने मोबाईलवर बहिणीचे सामने लावले. सोमीने गोल बघितले. मग एक लाल कार्डाचं दृश्य आलं. समोरच्या संघाची उंच बचावपटू तानीच्या कानाशी काहीतरी पुटपुटते, तानी वळून तिला दोन्ही हातांनी ढकलते, ती पडते, पंच धावत येतो. सोमीने प्रदीपला तेवढंच पुन्हा लावायला सांगितलं.

“तिनं काय म्हटलं तुला?” तिने विचारलं.

स्वातीने विचारून सांगितलं. त्या मुलीने म्हटलं होतं, तुझ्या घरी परत जा.

सोमीने मोबाईलमधल्या त्या पडलेल्या मुलीकडे बोट केलं. “मग एकच धक्का दिलास?”

स्वातीने ते इंग्रजीत सांगितल्यावर तानी हसली. पाड्यात आल्यापासून पहिल्यांदा. मग हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती उठून विहिरीकडे निघून गेली. सोमी तिच्या मागोमाग गेली. तिथे दोघींचं काय झालं ते कोणी पाहिलं नाही, आणि सोमीनेही कधी सांगितलं नाही.

बातमी लपून राहणारी नव्हतीच. आठ दिवसांत पालघरात फलक लागले, त्यावर तानीचा पिवळ्या शर्टातला फोटो आणि त्याच्यापेक्षा मोठा एका स्थानिक पुढाऱ्याचा. पुंजाराम नावाचा हा पुढारी पाड्यावर येऊन सोमीच्या पाया पडला आणि सत्काराचं आमंत्रण देऊन गेला. तानी जायला तयार नव्हती. स्वातीनेही नको म्हटलं. सोमीनेच जाऊ म्हटलं. इतकी वर्षं तिला वेडी म्हणणाऱ्या गावाने एकदा समोर बसून तिच्या पोरीला बघावं, असं तिला वाटत होतं.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या होत्या आणि मधल्या खुर्चीत एक फार म्हातारी बाई शाल पांघरून बसली होती. पांढरी सुती साडी. सोमीने पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबली. बालगृह बंद होऊन वीस वर्षं झाली होती, पण कुंदाताई होती. पुंजारामने तिलाही बोलावलं होतं, या यशाची खरी शिल्पकार म्हणून.

स्वाती पुंजारामच्या कानाशी लागली, तर तो तिलाच शांत राहायला सांगू लागला. भाषण सुरू झालं. निवेदक म्हणाला, ताईंनी त्या काळी या लेकराला उचललं नसतं, तर आज ही जगप्रसिद्ध खेळाडू कुठल्यातरी भट्टीवर विटा थापत असती. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्येच सोमी पायऱ्या चढून वर गेली आणि तिने निवेदकाच्या हातातला माईक काढून घेतला.

“मी विटा थापल्या,” ती म्हणाली. “ज्या घरात तुमी राहता त्या विटा. विटा थापणाऱ्या बाईचं पोर चोरायचं, असं कुठल्या कायद्यात हाय?”

मग ती लोकांकडे पाठ करून कुंदाताईसमोर उभी राहिली. म्हातारीला ऐकू कमी येत होतं, म्हणून माईक तसाच हातात ठेवून बोलली. “बाई, मी सोमी. तुमच्या कागदावर मी मेले. मला तुमी सांगितलं पोर मेली. दोघींना मारलंत. का मारलंत, तेवढं सांगा.”

कुंदाताईने तिच्याकडे नीट पाहिलं. तिला ओळख पटली असावी, कारण तिने नजर वळवली नाही. तिचा आवाज अजून तसाच मऊ होता. “तिचं भलंच झालं ना गं,” ती म्हणाली. “तुझ्याजवळ जगली असती का ती? तूच सांग. मी शंभर मुलं जगवली.”

“माज्यासारख्या किती बाया मारल्यात, ते मोजलंत का?”

कुंदाताईने डोळे मिटून घेतले. कोणीतरी माईक बंद केला. पुंजाराम घाईघाईने पुष्पगुच्छ घेऊन तानीकडे गेला, कॅमेरेवाले पुढे सरसावले. तानीला शब्द कळले नव्हते, पण आईचा आवाज कळला होता. तिने गुच्छ घेतला नाही. आईचा हात धरला आणि दोघी मधल्या वाटेने बाहेर पडल्या. बाहेर पडताना एक बाई बाजूच्या बाईला म्हणाली, माणसाने एवढं कृतघ्न असू नये. सोमीने ते ऐकलं. स्वाती सांगते, त्या क्षणी मागे वळायला निघालेल्या सोमीला तिने इतकं घट्ट धरलं की सोमीच्या दंडावर वळ उठले.

तक्रार घ्यायला पोलीस तयार नव्हते. तीस वर्षांचं जुनं प्रकरण, संस्था बंद, कारकून मेलेला, आणि मुलगी तर चांगली धडधाकट, म्हणजे नुकसान काय झालं, असा त्यांचा प्रश्न. स्वातीने कोर्टात अर्ज केला. तारखा पडत गेल्या. सोमी प्रत्येक तारखेला टोपली नलूकडे ठेवून पालघरला जात राहिली. सात महिन्यांनी कोर्टाने गुन्हा नोंदवायचा हुकूम दिला. खोट्या दाखल्यावर ज्या ग्रामसेवकाची सही होती तो निवृत्त होऊन सुनेच्या घरी राहत होता. त्याने जबाब दिला की सही माझी, पण वाचून केली नव्हती, ताई म्हणाल्या म्हणून केली.

कुंदाताईचा जबाब घ्यायच्या आधीच ती गेली. झोपेत, स्वतःच्या बिछान्यात, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. एका स्थानिक वर्तमानपत्राने तिचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, अनाथांची माउली हरपली. प्रदीपने तो पेपर लपवून ठेवला होता, पण बाजारात कोणीतरी त्यातच सोमीला पावाची पुडी बांधून दिली. अक्षरं तिला येत नव्हती, फोटो ओळखता आला. शेजारी बसणाऱ्या बाईकडून तिने वाचून घेतलं. सोमी त्या दिवशी पायी घरी आली, वाटेभर बोलत, एकटीच. लोकांना वाटलं हिला पुन्हा वेड लागलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की म्हातारी उत्तर न देता सुटली, आणि सुटणारे नेहमी असेच सुटतात, अंथरुणात, शाल पांघरून.

मृत्यूची खोटी नोंद मात्र रद्द झाली. ग्रामपंचायतीच्या नव्या कागदावर आता सोमी जिव्या करबट जिवंत आहे. स्वीडनमधल्या फाईललाही तशी पुरवणी जोडली गेली. स्वातीने तो कागद हातात दिला तेव्हा तिला वाटलं, आता तरी ही शांत होईल. सोमीने विचारलं, “आणि जिव्या? त्याला अजून अज्ञातच लिवलंय ना?” वडील म्हणून त्याचं नाव लावायचा अर्ज अजून कोर्टात आहे.

तानी परत गेली आणि दुसऱ्या हिवाळ्यात पुन्हा आली. ती आता तिकडे मुलींच्या एका संघाची प्रशिक्षक आहे. महिनाभर राहते. थोडे शब्द शिकली आहे, भाकर, पाणी, गप, चल. मायलेकींचं भांडणही होतं. तानीला आईने शेवटी थोडं थांबावं, बरं वाटून घ्यावं असं वाटतं. सोमीला वाटतं, पोर लवकर थंड पडायला लागली. एकदा तानीने स्वातीमार्फत सांगितलं, रागावून रागावून माझा खेळ कितीतरी वेळा वाया गेला, तू तरी आता आराम कर. सोमी म्हणाली, तुजा राग वाया गेला असंल, माजा नाय गेला.

मग गुनिलाचं पत्र आलं. सत्तरीला आलेल्या त्या शिक्षिकेने लिहिलं होतं, आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, कारण मूल हवं होतं. मी माफी मागते, ती मिळावी अशी अपेक्षा करत नाही. एकदा तुम्हाला भेटायचं आहे.

स्वातीने ते पत्र अंगणात वाचून दाखवलं. तानी खाली मान घालून बसली होती. सोमीने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग विचारलं, गुडघा मोडला तवा हिच्या उशाशी कोण होतं? तानीने सांगितलं, गुनिला होती, दोन महिने शाळेतून रजा घेऊन. पेनल्टी हुकल्यावर धमक्या आल्या तवा? तेव्हाही तीच. आणि लहानपणी कफ व्हायचा तो? तो पहिल्या हिवाळ्यातच गेला.

मग सोमीने स्वातीला लिहायला सांगितलं.

“लिव, की माजा तुमच्यावर राग हाय आणि तो जायाचा नाय. पोरीचं केलंत ते मला ठाऊक हाय, ते मी नाय म्हणत नाय. यायचं तर या. पण मी बोलेन, आणि तुमी ऐकाल.”

गुनिला जानेवारीत आली. सोमीने तिला अंगणात खाट टाकून दिली, चहा दिला आणि बोलायला सुरुवात केली. सकाळी सुरू झालेलं बोलणं दुपारपर्यंत चाललं. स्वातीने त्यातलं जमेल तेवढं इंग्रजीत सांगितलं, उरलेलं सांगितलं नाही. पण त्या म्हाताऱ्या बाईने एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही आणि एकदाही मधे बोलली नाही.